औषध कशात विरघळवायचे?

आमच्या लहानपणी दवाखान्यात जायचे म्हणजे घरून रिकामी बाटली धुऊन न्यायची, असा रिवाज होता. डॉक्टर तपासत, चिठ्ठी लहानशा खिडकीतून आत सरकवली जाई आणि कंपाउंडर दोन-तीन मोठ्या बरण्यांतले रंगीत औषध मापून आपल्या बाटलीत ओती. मग कातरीने कडा कापलेली कागदाची पट्टी तो बाटलीवर चिकटवी. पट्टीची एक खाच म्हणजे एक डोस. बाटली हातात देताना एक सूचना ठरलेली असे, ‘घ्यायच्या आधी नीट हलवून घ्या.’

बाटली का हलवायची, हा प्रश्न तेव्हा आम्हांला पडला नाही. औषध पाण्यात पुरते विरघळलेले नसे, तळाशी बसे, म्हणून ती हलवायची. न हलवता घेतले तर पहिल्या डोसात नुसते पाणी आणि शेवटच्या डोसात सगळे औषध, असा प्रकार होई. औषधनिर्मितीतला हा फार जुना पेच आहे. गुणकारी पदार्थ सापडला तरी तो पोटात कसा पोहोचवायचा? तो कशात विरघळवायचा? आणि ज्यात विरघळवला, तो पदार्थ शरीराचे काय करतो?

या तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले, तेव्हा काय घडले त्याचा हा इतिहास आहे.

कापराचा प्रयोग

सुरुवात वर्गात करता येईल अशा एका प्रयोगाने करू. कापराची एक वडी घ्या. तिचा चुरा करून चिमूटभर चुरा अर्धा पेला पाण्यात टाका आणि ढवळा. कापूर वर तरंगत राहतो. साखर किंवा मीठ विरघळते तसा तो विरघळत नाही. आता तेवढाच चुरा परीक्षानळीत घेऊन त्यावर औषधांच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट थोडे ओता. हलवल्यावर कापूर दिसेनासा होतो. या स्वच्छ द्रावणात आता थेंबथेंब पाणी घाला. काही वेळाने द्रावण दुधाळ होईल आणि कापराचे पांढरे कण पुन्हा दिसू लागतील. (स्पिरिट ज्वालाग्राही आणि विषारी असते. जवळपास दिवा किंवा बर्नर नको, आणि चव तर कुणीही पाहायची नाही.)

असे का होते? पाण्याच्या रेणूंचे एकमेकांशी घट्ट सख्य असते. मीठ-साखरेसारख्या पदार्थांना ते आपल्यात सामावून घेतात. कापूर, ओव्याचे फूल, बडीशेपेचे तेल, झाडांच्या राळा अशा पदार्थांना मात्र ते जागा देत नाहीत. अल्कोहोलचा रेणू दोन्हीकडचा पाहुणा आहे. त्याच्या एका टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते, ती पाण्याशी जुळते. दुसरे टोक कार्बन-हायड्रोजनचे असते, ते तेलकट पदार्थांशी जुळते. म्हणून अल्कोहोल पाण्यातही मिसळते आणि कापूरही विरघळवते. पाणी वाढत गेले की त्याची दुसरी बाजू दुबळी पडते आणि कापूर बाहेर येतो.

औषध तयार करणाऱ्यांना अल्कोहोलचा आणखी एक गुण उपयोगी पडला. द्रवात सुमारे १५ ते २० टक्के अल्कोहोल असले की त्यात बुरशी आणि जंतू वाढत नाहीत, औषध टिकते. राहिला कडू चवीचा प्रश्न. तो साखर, मध, संत्र्याची साल, बडीशेप यांनी सोडवला. पाणी, अल्कोहोल आणि साखर यांचे हे स्वच्छ, गोड, सुवासिक, तोंडाने घ्यायचे द्रावण म्हणजे ‘एलिक्झिर’. नुसत्या साखरेच्या दाट पाकातले औषध ते सिरप. वनस्पती अल्कोहोलमध्ये भिजवून काढलेला, गोड न केलेला अर्क ते टिंक्चर. एलिक्झिर या दोहोंच्या मधले. ते पाकाहून पातळ असते, टिंक्चरहून सौम्य असते, आणि मुख्य म्हणजे ते हलवावे लागत नाही.

कोरड्या भुकटीपासून द्रवापर्यंत

‘एलिक्झिर’ हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. ‘अक्सीर इलाज’ असे आपण मराठीत म्हणतो, त्यातला ‘अक्सीर’ आणि हा ‘एलिक्झिर’ एकाच घरचे. अरबीतल्या ‘अल्-इक्सीर’पासून दोन्ही आले. एक फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, दुसरा लॅटिनच्या वाटेने युरोपात गेला. अरबी शब्दाच्याही मागे एक ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे जखमेवर टाकायची कोरडी भुकटी! किमयागारांनी हा शब्द उचलला आणि हलक्या धातूचे सोने करणाऱ्या पदार्थाला तो लावला. धातूचे दोष घालवणारा पदार्थ माणसाचेही रोग घालवील, आयुष्य वाढवील, अशी कल्पना पुढे रूढ झाली.

‘अल्कोहोल’चीही तीच गंमत आहे. ‘अल्-कुह्ल’ म्हणजे डोळ्यांत घालायच्या सुरम्याची बारीक पूड. पूड जितकी बारीक तितका पदार्थ शुद्ध, या समजुतीतून हा शब्द कोणत्याही पदार्थाच्या सारभूत अंशासाठी वापरला जाऊ लागला आणि अखेर द्राक्षाच्या मद्याच्या सारभूत अंशाला चिकटला. अशा रीतीने भुकटीसाठी असलेले दोन शब्द एकाच बाटलीतल्या द्रवासाठी वापरले जाऊ लागले.

मद्य तापवून त्याची वाफ थंड करून तीव्र अल्कोहोल मिळवण्याची रीत युरोपात बाराव्या शतकाच्या सुमारास, इटलीतील सालेर्नोच्या वैद्यांच्या काळात रुळली. या द्रवाला पुढे ‘जीवनजल’ असे नाव मिळाले. तो पेटतो, त्यात मांस सडत नाही, वनस्पतींचा वास आणि गुण त्यात उतरतो. हे सगळे पाहून हाच तो अक्सीर, असे पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही. मठांतून, औषधशाळांतून असे शेकडो अर्क निघू लागले.

त्यांपैकी एकाची कुंडली पाहण्यासारखी आहे. हॉलंडमधील लायडन विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ल मॉर्ट यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दम्यासाठी एक एलिक्झिर बनवले. त्यात अफू, कापूर, बडीशेपेच्या जातीच्या बियांचे तेल, मध इत्यादी घटक अल्कोहोलमध्ये विरघळवलेले होते. १७२१ च्या लंडन फार्माकोपियात, म्हणजे अधिकृत औषधसंहितेत, त्याचा समावेश झाला. पुढे ‘पॅरेगोरिक’ या नावाने ते घराघरांत पोहोचले. मुलांची हगवण, खोकला, दात येतानाची किरकिर, सगळ्यांवर पॅरेगोरिक. मूल शांत होई यात शंका नाही. अफू आणि अल्कोहोल पोटात गेल्यावर ते दुसरे काय करणार?

आपल्याकडच्या वैद्यकातही ही युक्ती स्वतंत्रपणे सापडली होती. आसवे आणि अरिष्टे ही त्याची उदाहरणे. औषधी वनस्पतींचा काढा करून तो आंबवला की अरिष्ट, आणि न उकळता आंबवले की आसव. गूळ किंवा मध आणि धायटीची फुले घालून भांडे बंद करून ठेवतात. यीस्टमुळे साखरेचे अल्कोहोल होते आणि ते तयार होता होताच वनस्पतींतील घटक ओढून घेते. एलिक्झिरमध्ये अल्कोहोल वरून घालतात, आसवात ते आतच तयार होते, एवढाच फरक. द्राक्षासवाची किंवा कुमारी आसवाची बाटली वर्षानुवर्षे टिकते त्याचे कारण हेच.

औषध की दारू?

जे द्रावक म्हणून घातले, त्याचा स्वतःचाही अंमल चढतो. एलिक्झिरच्या इतिहासातली ही कायमची अडचण आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘पेटंट’ औषधांचा सुळसुळाट झाला. पेरुना नावाच्या लोकप्रिय औषधात एक चतुर्थांशाहून अधिक अल्कोहोल होते. स्त्रियांच्या तक्रारींसाठी विकल्या जाणाऱ्या लिडिया पिंकहॅमच्या वनस्पती-औषधात ते सुमारे १८ टक्के होते. दारूबंदीच्या चळवळीत भाग घेणाऱ्या, घरात दारूचा थेंब येऊ न देणाऱ्या बाया ही औषधे निःशंकपणे घेत. बाटलीत काय आहे ते बाटलीवर लिहिण्याचे बंधन कुणावरच नव्हते.

१९०५ साली सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात या औषधांवर लेखमाला लिहिली. हार्वे वायली हे सरकारी रसायनशास्त्रज्ञ कित्येक वर्षे हाच प्रश्न मांडत होते. १९०६ साली अमेरिकेत अन्न व औषध कायदा झाला. त्याने अल्कोहोल, अफू, कोकेन अशा घटकांवर बंदी घातली नाही, पण ते असतील तर लेबलावर छापणे सक्तीचे केले. नाव खरे हवे, घटक खरे हवेत, एवढीच या कायद्याची मागणी होती. औषध सुरक्षित आहे का, हे तो विचारीत नव्हता. ही फट लक्षात ठेवा.

सुंठेचा अर्क आणि वजनाची परीक्षा

१९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. औषधी अर्क मात्र मिळत. ‘जमेका जिंजर’ हा सुंठेचा अर्क, त्यात ७० ते ८० टक्के अल्कोहोल. तो पिण्यासाठी वापरू नये म्हणून सरकारने नियम केला की अर्कात सुंठेचे घटक भरपूर हवेत, म्हणजे तो तिखटजाळ होईल आणि कुणी पिणार नाही. तपासणीची रीत सोपी होती. अर्क उकळून आटवायचा आणि खाली उरलेल्या घन भागाचे वजन करायचे.

तपासणी वजनाची आहे म्हटल्यावर काही उत्पादकांनी सुंठ कमी करून वजनासाठी दुसरे काहीतरी घालायला सुरुवात केली. १९३० साली बोस्टनमधल्या दोघा धंदेवाल्यांनी त्यासाठी एक औद्योगिक रसायन निवडले. ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट हे त्याचे नाव, लाखेची रोगणे लवचीक करण्यासाठी ते वापरत. ते सहजी उडून जात नाही, चवीला जाणवत नाही आणि तपासणीत वजन बरोबर भरते. त्या वर्षी हजारो लोकांचे पाय लुळे पडले. मॉरिस स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून त्याच वर्षी कारण शोधून काढले. हे रसायन मज्जातंतू नष्ट करीत होते. पुष्कळांचे पाय पुन्हा कधीच नीट झाले नाहीत.

वर्गात आपण ‘परीक्षा’ हा शब्द रोज वापरतो. परीक्षा नेमके काय मोजते, हे तिच्या नावावरून कळत नाही. आटवून वजन करणारी परीक्षा सुंठ मोजत नव्हती, ती फक्त उरलेला गाळ मोजत होती.

१९३७: गोड, लाल आणि स्वच्छ

आता मुख्य घटनेकडे येऊ. १९३५ साली जर्मनीतील गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या लाल रंगद्रव्याने जंतुसंसर्ग बरा होतो असे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी दाखवले की रोगावर काम करतो तो त्या रेणूचा एक तुकडा, सल्फानिलमाइड. हा पदार्थ १९०८ पासून माहीत होता. त्यामुळे त्यावर कुणाचा हक्क चालेना, आणि तो कुणीही बनवू लागले. पेनिसिलिन अजून वापरात यायचे होते. घसा सुजून, जखम चिघळून, बाळंतपणानंतर ताप येऊन माणसे मरत त्या काळात हे औषध म्हणजे खरोखरच अक्सीर होते.

ते गोळ्यांच्या आणि भुकटीच्या रूपात मिळे. पण लहान मुले गोळी गिळत नाहीत. टेनेसी राज्यातील ब्रिस्टल गावच्या मॅसेंगिल कंपनीच्या विक्रेत्यांकडून १९३७ च्या उन्हाळ्यात मागणी आली की औषध पातळ स्वरूपात हवे. कंपनीचे मुख्य रसायनज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स कामाला लागले. सल्फानिलमाइड पाण्यात फार थोडे विरघळते आणि अल्कोहोलमध्येही हवे तितके विरघळत नाही. शोधता शोधता त्यांना डायएथिलिन ग्लायकॉल सापडले. हा द्रव रंगहीन, दाटसर आणि चवीला गोड होता, आणि सल्फानिलमाइड त्यात सहज विरघळत होते. तयार औषधात सुमारे १० टक्के सल्फानिलमाइड, ७२ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल आणि बाकी पाणी, रंग, रास्पबेरीचा स्वाद असा मसाला होता. कंपनीच्या प्रयोगशाळेने औषधाचा स्वाद, रंग आणि वास तपासला. तिन्ही उत्तम होते. उंदराला किंवा सशाला ते पाजून पाहण्याची कायद्याने गरज नव्हती, आणि तसे कुणी केले नाही. डायएथिलिन ग्लायकॉलने मूत्रपिंडांना इजा होते असे दाखवणारे काही अभ्यास तेव्हा प्रसिद्ध झालेले होते. ते कुणी वाचले नाहीत.

२४० गॅलन, म्हणजे सुमारे ९०० लिटर ‘एलिक्झिर सल्फानिलमाइड’ तयार झाले आणि सप्टेंबर १९३७ मध्ये देशभर रवाना झाले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथील डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनला कळवले की या औषधानंतर रुग्ण दगावत आहेत. आधी उलट्या आणि पोटात असह्य कळा, मग लघवी बंद, ग्लानी, झटके आणि मृत्यू. एक ते तीन आठवडे हे हाल चालत. असोसिएशनच्या प्रयोगशाळेने दोषी घटक ओळखला.

मग सुरू झाली बाटल्यांची शोधाशोध. अन्न व औषध प्रशासनाकडे सगळ्या देशासाठी निरीक्षक आणि रसायनज्ञ मिळून २३९ जण होते, ते जवळजवळ सगळे कामाला लावले गेले. कंपनीने विक्रेत्यांना, दुकानदारांना, डॉक्टरांना तारा केल्या होत्या, पण त्यांत नुसतेच माल परत करा असे होते. प्रशासनाने आग्रह धरल्यावर दुसरी तार गेली आणि तीत जिवाला धोका असल्याचे सांगितले गेले. निरीक्षक दुकानांतल्या हजारो चिठ्ठ्या चाळत होते. काही चिठ्ठ्यांवर रुग्णाचे नुसते पहिले नाव होते, पत्ता नव्हता. एका बाईने सांगितले की बाटली आपण नष्ट केली. खोदून विचारल्यावर खिडकीतून बोळात फेकल्याचे कळले. निरीक्षकाला ती बोळात सापडली. ती फुटलेली नव्हती, आणि एखाद्या पोराने उचलून प्यायली असती तर त्याचा जीव जाईल इतके औषध तीत शिल्लक होते. डोंगराळ भागात राहायला गेलेल्या एका कुटुंबातल्या तीन वर्षांच्या मुलाला शोधण्यासाठी प्रशासनाच्या एका रसायनज्ञाने आपले लग्न पुढे ढकलले.

२४० पैकी २३४ गॅलन परत मिळाले. उरलेले सुमारे २३ लिटर, दोन-तीन बादल्या भरतील एवढे, लोकांच्या पोटात गेले होते. ते घेणाऱ्यांपैकी १०५ जण मृत्यू पावले. त्यांत ३४ मुले होती. टल्साच्या एका आईने राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांना पत्र लिहिले. तिची लहान मुलगी त्यांत गेली होती. अशी औषधे विकली जाणे थांबवा, म्हणजे दुसऱ्या घरावर ही वेळ येणार नाही, एवढेच तिचे मागणे होते.

एका शब्दावर खटला

एवढी माणसे गेल्यावर कंपनीवर कोणता गुन्हा दाखल झाला असेल? उत्तर ऐकून विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही. विषारी औषध विकणे हा त्या वेळी गुन्हाच नव्हता. १९०६ चा कायदा फक्त लेबलाचा खरेपणा पाहत होता. म्हणून सरकारने लेबल वाचले. त्यावर ‘एलिक्झिर’ असे छापले होते. एलिक्झिर म्हणजे अल्कोहोल असलेले द्रावण. या बाटलीत अल्कोहोल नव्हते. म्हणजे लेबल खोटे! बाटल्या जप्त करता आल्या त्या या एका शब्दाच्या आधारावर. लेबलावर ‘एलिक्झिर’ऐवजी ‘द्रावण’ असे लिहिले असते तर सरकारच्या हातात काहीच नव्हते, असे कृषिमंत्र्यांनी संसदेला दिलेल्या अहवालात नोंदवले आहे. कंपनीला २६,१०० डॉलर दंड झाला. कंपनीच्या मालकाचे म्हणणे होते की आमच्याकडून उत्पादनात चूक झालेली नाही. वॉटकिन्स यांनी मात्र पुढे आत्महत्या केली.

किमयागारांच्या काळातून आलेला एक शब्द, आणि त्याचा औषधशास्त्रातला काटेकोर अर्थ. शंभरावर बळी गेल्यावर कायद्याजवळ एवढेच शिल्लक होते. २५ जून १९३८ रोजी नवा कायदा झाला. औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा देणे उत्पादकावर बंधनकारक झाले.

या कथेचा एक धागा पुढे जातो. शिकागो विद्यापीठात प्रा. यूजीन गायलिंग यांनी हे औषध आणि त्यातला प्रत्येक घटक प्राण्यांना वेगवेगळा देऊन पाहिला आणि विष कोणते ते सिद्ध केले. त्या कामात त्यांची एक विद्यार्थिनी होती, फ्रान्सिस ओल्डम. लग्नानंतर त्या फ्रान्सिस केल्सी झाल्या. १९६० साली त्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि थॅलिडोमाइड या औषधाचा अर्ज त्यांच्यापुढे आला. युरोपात ते आधीच सर्रास विकले जात होते. कंपनीने वारंवार दबाव आणूनही पुरावा अपुरा आहे म्हणून त्यांनी परवानगी दिली नाही. गर्भवतींनी ते घेतल्याने युरोपात हजारो मुले अपंग जन्मली. अमेरिकेत ते त्या काळी बाजारात आले नाही.

चार भावंडे

डायएथिलिन ग्लायकॉल विषारी का? याचे उत्तर रसायनशास्त्राच्या शिक्षकांना उपयोगी पडेल. ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असलेल्या रेणूंचे एक कुटुंब आहे. साध्या अल्कोहोलमध्ये दोन कार्बन आणि अशी एक जोडी असते. प्रोपिलिन ग्लायकॉलमध्ये तीन कार्बन आणि दोन जोड्या. ग्लिसरीनमध्ये तीन कार्बन आणि तीन जोड्या. एथिलिन ग्लायकॉल, जे मोटारींच्या रेडिएटरमध्ये घालतात, त्याचे दोन रेणू एक पाण्याचा रेणू गमावून जोडले गेले की डायएथिलिन ग्लायकॉल होते. प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि डायएथिलिन ग्लायकॉल हे तिन्ही द्रव शेजारी ठेवले तर डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. तिन्ही रंगहीन, दाटसर, पाण्यात मिसळणारे आणि गोडसर.

यकृतातले विकर मात्र त्यांतून वेगवेगळे पदार्थ घडवतात. अल्कोहोलचे शेवटी ॲसिटिक आम्ल होते. प्रोपिलिन ग्लायकॉलचे लॅक्टिक आम्ल होते, जे शरीराच्या नेहमीच्या ओळखीचे आहे. डायएथिलिन ग्लायकॉलपासून जी आम्ले होतात त्यांत डायग्लायकॉलिक आम्ल असते. ते मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साठते आणि त्या पेशी मरतात. नलिका बंद पडल्या की लघवी बंद.

यात एक विलक्षण गोष्ट आहे. हे रूपांतर ज्या विकरापासून सुरू होते, तो साध्या अल्कोहोलवर काम करणाराच विकर आहे, आणि त्याला साधे अल्कोहोल अधिक पसंत. म्हणून अशा विषबाधेत वेळीच शिरेतून अल्कोहोल देऊन विकराला गुंतवून ठेवणे, हा डॉक्टरांचा एक उपाय होता. आता त्यासाठी फोमेपिझोल नावाचे औषध आहे आणि जोडीला डायलिसिस. एलिक्झिरमधून जे काढून टाकले होते, तेच त्या विषावरच्या उताऱ्यांपैकी एक निघाले!

आपल्याकडे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपल्याकडची टिंक्चरे आणि एलिक्झिरे बहुतांशी विलायतेहून येत. १९०७ साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या प्रयत्नांतून बडोद्याचा अलेम्बिक कारखाना निघाला तो अल्कोहोल आणि टिंक्चरे बनवण्यासाठी. ‘अलेम्बिक’ म्हणजे अर्क काढायचे ऊर्ध्वपातनाचे भांडे. हाही शब्द अरबीतूनच आलेला. १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींनंतर १९४० चा औषध कायदा झाला.

‘औषध की दारू’ हा प्रश्नही आपल्याकडे न्यायालयापर्यंत गेला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याला बलसारा नावाच्या गृहस्थांनी आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी उचलून धरली, पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगणे व वापरणे यांवरची बंदी अवैध ठरवली. टिंक्चरची बाटली कपाटात ठेवणे हा गुन्हा राहिला नाही.

आणि तरी १९३७ ची गोष्ट मुंबईत पुन्हा घडली. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात डोळ्यांतील किंवा मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी रुग्णांना तोंडाने ग्लिसरीन दिले गेले. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल होते. १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू पावले. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर कोण कसे गाफील होते आणि कोण कुणाला सांभाळून घेत होते, हे त्या अहवालाने नावानिशी मांडले. या खेपेला कायदा होता, प्रयोगशाळा होत्या, ‘ग्लिसरीन’ हे लेबलही होते. ते कुणी पडताळून पाहिले नव्हते.

त्यानंतरही हैती (१९९५-९६), पनामा (२००६), गाम्बिया आणि इंडोनेशिया (२०२२) अशी यादी वाढतच गेली. गाम्बियात सुमारे ७० मुले गेली आणि ती सिरपे भारतात बनलेली होती, असे जागतिक आरोग्य संघटनेने कळवले. २०२३ च्या जूनपासून निर्यात होणारी खोकल्याची औषधे सरकारी प्रयोगशाळेत तपासणे सक्तीचे झाले. देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या औषधांचे काय, या प्रश्नाचे उत्तर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मिळाले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. त्या औषधाच्या तपासलेल्या नमुन्यात डायएथिलिन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. चालण्याजोगी मर्यादा आहे ०.१ टक्का.

यामागचा व्यवहार साधा आहे. मुलांच्या औषधांत अल्कोहोल नको, हे आता सर्वांना मान्य आहे आणि ते योग्यच आहे. पण अल्कोहोल काढले की त्याचे काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवे. ते काम प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन करतात. औषधाच्या दर्जाचे हे द्रव महाग असतात. कारखान्यांसाठी बनवलेले स्वस्त. पिंप एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते, लेबल बदलते, आणि आतला द्रव दिसायला आणि चवीला अगदी तसाच असतो. क्रोमॅटोग्राफीची चाचणी हा फरक सहज दाखवते. प्रत्येक पिंप उघडून ती करायची एवढाच प्रश्न उरतो.

शाईचा ठिपका ओल्या टीपकागदावर पसरवून त्यातले रंग वेगळे करण्याचा प्रयोग आपण आठवी-नववीत करतोच. क्रोमॅटोग्राफी म्हणजे तेच तत्त्व. यंदा तो प्रयोग कराल तेव्हा मुलांना घरून औषधाची एखादी रिकामी बाटली आणायला सांगा. लेबलावर औषधाचे नाव मोठ्या अक्षरांत असेल. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी काही नावे सापडतात का ते पाहू द्या, आणि सापडली नाहीत तर मुलांना एकच प्रश्न विचारा: हे औषध कशात विरघळवले आहे?